पोरकिडे

चाळणीतून पीठ जातं, उरतात ते.
तांबूस, तिळाहून बारके.
नाना पेठेतल्या आमच्या गिरणीत
वडील त्यांना नखानं चिरडायचे.
"पोरकिडे रे, नावातच पोरं,
एक ठेवलास तर आठवड्यात शंभर."
त्यांनी कधी मोजले नाहीत. मी मोजतो.
एकवीस वर्षं,
शिवाजीनगरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत,
जिथल्या खिडकीतून फक्त स्कूटरची चाकं दिसतात.

ढमढेरे मॅडम सांगतात तसं करतो.
किडा बशीत घ्यायचा,
काडीनं पोटाला हलकंच टोचायचं.
तो पाय आवळतो, उताणा होतो, मरतो.
म्हणजे मेल्याचं सोंग घेतो.
मी घड्याळाचं बटण दाबतो,
पहिला पाय हलला की पुन्हा दाबतो.

काही चार सेकंदांत उठतात,
काही चहा येऊन गार होईस्तोवर पडून.
उठणाऱ्यांची पैदास एका बरणीत, पडणाऱ्यांची दुसऱ्या.
झाकणांवर मॅडमच्या अक्षरात 'छो.' आणि 'लां.'
अठरा पिढ्या झाल्या त्यांच्या.
माझी पहिलीच चालू आहे, आणि शेवटची.

मग कोळी सोडायचा, उड्या मारणारा.
जिन्याच्या भिंतीवरून मीच धरून आणतो.
'छो.'वाले पटापट संपतात,
हलला की खल्लास.
'लां.'वाल्याला कोळी पायानं चाचपतो,
जरा थांबतो, निघून जातो.
मला वाटलं, जिंकले.
मॅडम म्हणाल्या, "थांबा विश्वंभरकाका,
आता त्यांच्यात माद्या सोडू."

त्या दिवशी घरी उशिरा गेलो.
'लां.'चे नर बशीच्या कडेला,
फारसे चालतच नव्हते.
माद्या समोरून जात होत्या
पिठावर बारीक रेघा ओढत,
कुणीतरी ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरावं तशा.

सुलक्षणा बिडवे. देवघेवीच्या खिडकीत बसायची.
डेक्कनच्या थांब्यावर एकदाच म्हणाली,
"तुमच्या मनात काही आहे का?"
मी पाय आवळले.
कोथरूडची बस आली, ती चढली,
बस गेली, पुढचीही गेली.

गजा शितोळे तसला नव्हता.
दिसली की बोलायचाच.
लकडी पुलाखाली एकीच्या भावांनी गुडघा फोडला,
अजून लंगडतो.
चार पोरं आहेत, थोरली पोलिसात.
मॅडमच्या तक्त्यात त्याला कुठं बसवायचं,
विचारलेलं नाही.

परवा अकरावीच्या प्रवेशांची गर्दी.
एक मुलगी दारातून डोकावली.
तीच हनुवटी. बोलताना मान तशीच तिरकी.
"काका, ऑफिस कुठंय?"
माझ्या हातात काडी,
बशीत 'लां.'चा एक, उताणा,
घड्याळ चालू.
मी नुसता बघत राहिलो.
किती वेळ, ते मोजायला कुणी नव्हतं.
मग म्हणालो, "चल, दाखवतो,"
आणि जिन्यापर्यंत गेलो,
तिथून काउंटरपर्यंत,
रांगेत तिच्यासाठी पेन मागून आणलं.
फॉर्मवर आईचं नाव होतं.
वाचता आलं असतं.

परत आलो तर बशी रिकामी,
घड्याळ धावतंच होतं.
नोंदवहीत त्याच्या नावापुढं काय लिहू?
कधी उठला, कुणी पाहिलं नाही.
टेबलावर सांडलेल्या कणकेत एक रेघ,
दोऱ्याएवढी,
बरण्यांकडे गेलीय की कडेकडे,
चष्म्याशिवाय कळत नाही.
चष्मा काउंटरवर राहिलाय.